विनाअट देणगी

१२ जानेवारी, सोमवार
हिच्या आजारपणात आणलेला मंडळाचा पलंग परत केला. दोन माणसं टेम्पो घेऊन आली. पलंग दारातून निघेना म्हणून पाय सोडवावे लागले. एक स्क्रू सापडला नाही. त्याची भरपाई देऊ केली, घेतली नाही. पलंग गेल्यावर फरशीवर त्याच्या पायांच्या खुणा दिसल्या. पुसल्या. गेल्या नाहीत. दुपारी जेवलो.

१३ जानेवारी
नोंद पूर्ण असावी म्हणून लिहून ठेवतो. हिने जाण्यापूर्वी एक काम सांगितलं होतं. लग्नाआधी ही परदेशात, एका बंदराच्या गावी, कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होती. त्या शाळेत घंटा नाही. तास संपला की वर्गातला दिवा लुकलुकतो. शाळेला नवे वर्ग बांधायचे आहेत. हिची स्वतःची जी शिल्लक आहे ती सगळी तिकडे पाठवायची. वर म्हणाली, लगेच पाठवा, वाचत बसू नका.
मी वाचत बसणाऱ्यांतला नाही.
संकल्प: महिनाअखेरीस काम पूर्ण.

१६ जानेवारी
बँकेत गेलो. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म दिला. भरला, सही केली. सहज विचारलं, करसवलतीसाठी पावती कुठून मिळेल? त्या म्हणाल्या, काका, परदेशातल्या संस्थेला दिलं तर सवलत नसते, इथल्या संस्थेला दिलं तर असते. मी फॉर्म परत मागितला. म्हणाल्या, अहो, सही झालीय. म्हटलं, सही माझीच आहे.
घरी येऊन विचार केला. सवलत मिळाली तर तीही रक्कम शाळेलाच देता येईल. म्हणजे घाईने पाठवण्यात नुकसान शाळेचं. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात लोकांचे सवलतीचे अर्ज तपासण्यात गेली. सवलत म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको.

२१ जानेवारी
करसल्लागाराकडे गेलो. खासगी गोष्टी परक्या माणसापुढे मांडणं मला जमत नाही. एका परिचितासाठी विचारतो आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, परिचितांचं उत्पन्न किती? म्हटलं, परिचित ते सांगणार नाहीत. बरं म्हणाला, मग मी नुसता नियम सांगतो, बाकी त्यांचं ते बघतील.
नियम असा. काही देशांतल्या संस्था आपल्या इथल्या धर्मादाय संस्थांसारख्याच आहेत असं सिद्ध झालं तर सवलत मिळू शकते. त्यासाठी संस्थेची घटना, तीन वर्षांचे हिशेब, सगळ्याचं प्रमाणित भाषांतर. अवघड काहीच नाही.

३ फेब्रुवारी
शाळेच्या मोठ्या बाईंना ईमेल केली. हवे असलेले कागद क्रमाने लिहिले. स्वर सौजन्याचा ठेवला.
संध्याकाळी मुलीचा फोन. तिला ईमेल वाचून दाखवली. ती म्हणाली, बाबा, तुम्ही त्यांना पैसे देताय की त्यांच्यावर धाड घालताय?
मुलीला कार्यपद्धतीची कल्पना नाही.

२२ फेब्रुवारी
मोठ्या बाईंचं उत्तर. लिहितात, आमचा कारकून भाषांतराला बसला आहे, पण बागेचं कामही त्याच्याकडेच आहे, थोडा वेळ द्यावा. नव्या वर्गांच्या भिंती झाल्या, छप्पर अडलंय. शाळा सप्टेंबरात उघडते. सोबत मुलांचा फोटो. सगळ्यांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवलेत. त्यांच्याकडे टाळी अशी वाजवतात म्हणे. मागच्या भिंतीवर हिचा तरुणपणीचा एक फोटो टांगलेला दिसतो. वेणी घातलेली.
पुरावा म्हणून फोटो चालत नाही. तरी फायलीत लावला.

१५ मार्च
कागद आले. बारकाईने वाचले. घटनेत एक गंभीर त्रुटी: शाळा बंद पडल्यास मालमत्ता "ज्याला गरज असेल त्याला" द्यावी. नियमाप्रमाणे तिथे समान उद्दिष्टांच्या संस्थेचा उल्लेख हवा. दुरुस्ती करण्याबद्दल कळवलं.
मेहुणा आला होता. हिचा धाकटा भाऊ, फरशीचं दुकान आहे. ही घटनेची भानगड ऐकून हसत सुटला. म्हणाला, भाऊजी, ताई असती ना, तर तुम्हाला त्या फायलीसकट विमानात कोंबलं असतं. मग म्हणाला, तुम्हाला जमत नसेल तर मी पाठवतो, इकडे द्या. म्हटलं, रक्कम आता माझ्या नावावर आहे, देणगीदार मीच. तो म्हणाला, मग द्या की! वाफाळता चहा तसाच ठेवून गेला.
त्याचा धंदा रोखीचा. त्याला कळणार नाही.

७ एप्रिल
सल्लागाराने फाइल चाळली. म्हणाला, हे सगळं उत्तम आहे, पण हा देश यादीतच नाही. म्हटलं, मग जानेवारीत का बोलला नाहीत? तर म्हणाला, तुमच्या परिचितांनी देशाचं नाव कुठे सांगितलं होतं?
खरं आहे. मी सांगितलं नव्हतं.
दुसरा मार्ग आहे. देणगी इथल्या नोंदणीकृत संस्थेला द्यायची, तिने ती बाहेर पाठवायची. पण पाठवायची की नाही हे ठरवणार संस्था. देणगीदाराला अट घालता येत नाही. इच्छा लिहिता येते. संस्था म्हणजे नळ नव्हे, म्हणाला, की इकडून ओतलं आणि तिकडून निघालं. उपमा मला फार पटली.
संस्था डोळ्यांसमोर आहेच. पलंगवालं मंडळ. गल्लीच्या टोकाला, आजाऱ्यांना पलंग, कुबड्या, वॉकर फुकट वापरायला देतं. नोंदणीकृत. रीतसर पावती देतं.
मोठ्या बाईंना कळवलं की घटनादुरुस्तीची आता गरज नाही. त्यांनी कळवलं की ती गेल्याच आठवड्यात झाली.

१२ एप्रिल
मंडळाच्या अध्यक्षांना भेटलो. निवृत्त दंतवैद्य आहेत. आपण बोलत असताना आपल्या दातांकडे बघतात. शाळेचं सगळं सांगितलं. ते मान डोलावत होते. म्हणाले, तुमची वरची दाढ एकदा दाखवून घ्या.
अडचण एकच. मंडळाच्या घटनेत "शहरातील गरजूंसाठी" असं आहे. तिथे "व अन्यत्र" घालावं लागेल. त्याला सर्वसाधारण सभा लागेल. सभा चिटणीसाने बोलवायची. चिटणीस नाही. म्हणजे जागा आहे, माणूस नाही, कारण इतिवृत्त लिहायला कोणी तयार होत नाही. अध्यक्ष म्हणाले, अहो, तुमच्यासारखा माणूस म्हणजे आम्हाला लॉटरीच.
होकार दिला. तात्पुरता.

१७ मे
सभा. गणपूर्ती झाली नाही. नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब करून त्याच जागी, त्याच माणसांत पुन्हा घेतली. बाकं लाकडी आहेत. सगळे पाठ चोळत होते. चौकातला चष्मेवाला सभासद आहे. त्याने विचारलं, अन्यत्र म्हणजे वॉकर घेऊन कोणी गावाला गेलं तरी चालेल का? चालेल म्हटलं. दुरुस्ती एकमताने मंजूर.
त्याच भरात आणखी एक कलम घालून घेतलं. ज्या विषयात सभासदाचा हितसंबंध आहे त्या विषयाच्या वेळी त्याने बाहेर जावं. चांगल्या संस्थांमध्ये हे असतंच. इथे कोणाला सुचलं नव्हतं.

२५ मे
घटना पुन्हा वाचताना दिसलं: चिटणीसाची मुदत तीन वर्षं. नवा मिळेपर्यंत राजीनामा देता येत नाही. हे कलम जुनंच आहे. दुरुस्तीच्या वेळी मी त्यातल्या एका स्वल्पविरामाची जागा बदलली होती. कलम तेव्हा वाचलं होतं, पण स्वल्पविरामापुरतं.

९ जून
सकाळी सातला दार वाजलं. एक बाई. म्हणाल्या, कुबडीचं रबर झिजलं, चिटणीस तुम्हीच ना? दिलं. आठला दुसरे. वॉकर परत आणला होता. तो आता बैठकीच्या खोलीत आहे, कारण हॉलची किल्ली अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष गावाला. दुपारी आणखी दोन वॉकर आले. खिडकीपर्यंत जायला वाट उरलेली नाही. मुलगी म्हणाली, बाबा, चार दिवस माझ्याकडे या ना. म्हटलं, रबरांचा साठा कोण बघेल?
बाकी प्रकृती उत्तम. झोप कमी.

२३ जून
मोठ्या बाईंची ईमेल. गावाने वर्गणी काढून दोन वर्गांवर छप्पर घातलं. तिसरा वर्ग उघडा आहे. माझ्यावर दडपण नाही असं लिहितात. कळवलं, काम समाधानकारक गतीने पुढे जात आहे.

५ जुलै
देणगीचं पत्र लिहायला घेतलं. सल्लागार म्हणाला होता की इच्छा लिहिता येते. लिहिली. हिचं नाव, शाळेचं नाव, तिसरा वर्ग. मग तपासनिसाच्या नजरेने वाचली. इच्छा असली तरी तिला अटीचा वास येतो. याहून साध्या शब्दांवर मी अर्ज फेटाळलेत. खोडली.
अंतिम मसुदा: ही देणगी विनाअट असून तिच्या विनियोगाबाबत देणगीदाराची कोणतीही अट, अपेक्षा, इच्छा अथवा सूचना नाही.
कुठूनही बोट शिरणार नाही असं वाक्य झालंय. नोकरीत असं एकही जमलं नव्हतं.

६ जुलै
मेहुण्याला पत्र दाखवलं. त्याने उलटून कोऱ्या बाजूलाही पाहिलं. म्हणाला, भाऊजी, यात ताई कुठाय? शाळा कुठाय? मी समजावलं, ते नाही हीच तर त्यातली खुबी. अध्यक्षांना सगळं माहीत आहे, एप्रिलमध्ये सांगितलंय. तो म्हणाला, त्या दातवाल्यांना? त्यांना माझं नाव आठवत नाही, दहा वर्षं त्यांच्या दवाखान्याची फरशी बसवत होतो.
अतिशयोक्ती करतो. लहानपणापासूनची सवय, असं ही म्हणायची.

१३ जुलै
चेक दिला. म्हणजे मी मंडळाला दिला आणि मंडळातर्फे मीच घेतला. पावतीवर सही चिटणीस म्हणून माझीच. स्वतःचे आभार मानणारं पत्र लिहावं की नाही हा प्रश्न पडला. लिहिलं. आवक-जावकमध्ये नोंद करून टपालात टाकलं.

१५ जुलै
आभाराचं पत्र मिळालं.

२६ जुलै, रविवार
कार्यकारिणीची बैठक. विषय चौथा, प्राप्त देणगीचा विनियोग. अध्यक्ष म्हणाले, चिटणीस, तुमचा हितसंबंध आहे, तुम्ही बाहेर थांबा. मी उठून उभाच होतो. कलम माझंच.
बाहेरच्या बोळात बाक नाही. तिथल्या एका चाकाच्या खुर्चीत बसलो. ब्रेक लागत नव्हता, हळूहळू भिंतीकडे सरकत होतो. आतून आधी कुजबुज, मग हसणं, मग टाळ्या. मनात म्हटलं, झालं. मोठ्या बाईंना काय लिहायचं ते तिथेच जुळवून टाकलं.
आत बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, लिहा. सभागृहासाठी घडीच्या खुर्च्या घेण्याचं एकमताने ठरलं. सूचक चष्मेवाला. पाठीचं फार झालंय सगळ्यांच्या.
मी विचारलं, आणि शाळा? अध्यक्ष माझ्या दातांकडे बघत राहिले. कुठली शाळा? मग म्हणाले, हां हां, ती होय! अरे, तुम्ही बोलला होतात नाही का काहीतरी. पण पत्रात तर काहीच नाही. आम्ही दोनदा वाचलं. अपेक्षा नाही, इच्छा नाही. चष्मेवाला म्हणाला, इतकं स्पष्ट पत्र आजवर मंडळाला आलं नव्हतं, काका. चर्चेला जागाच नव्हती.
इतिवृत्त लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

२७ जुलै
निर्णय नियमाला धरून आहे. तक्रार करायला आधार नाही. चूक म्हणावी अशी कुठेच दिसत नाही, सगळे कागद पुन्हा पाहिले. सवलतीची जी रक्कम मिळेल ती शाळेला थेट पाठवायची. म्हणजे मूळ हेतू साधला जातोच, फक्त छोट्या प्रमाणात.
मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, जेवलात का?

४ ऑगस्ट
अध्यक्ष घरी आले. वॉकरांतून वाट काढत आत शिरले. म्हणाले, त्या दिवसापासून मनाला लागून राहिलंय. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर वहिनींचं नाव घालू या, सुबक अक्षरांत. मंडळातर्फे.
मग लक्षात आलं. देणगीच्या बदल्यात देणगीदाराला काही मिळालं तर तो मोबदला होतो आणि सवलत जाते. त्यांना समजावून सांगितलं. नाव नको. ते म्हणाले, बघा बुवा, पुन्हा विचार करा. म्हटलं, विचार झालाय, तसं इतिवृत्तातही घेतो. घेतलं.

१९ ऑगस्ट
सगळे कागद घेऊन सल्लागाराकडे गेलो. परिचित म्हणजे मीच, हे सांगितलं. ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, काका, म्हणाला. पेन्शनचा कागद बघितला. म्हणाला, दुसरं उत्पन्न? नाही म्हटलं. घरभाडं, शेअर्स, काही? काही नाही.
मग त्याने पेन खाली ठेवलं. म्हणाला, एवढ्या पेन्शनवर तुम्हाला कर लागतच नाही. सवलत करातून वजा होते. वजा करायला कर तर पाहिजे. म्हटलं, पुढच्या वर्षांत नेता येते ना? येते, म्हणाला, तोवर तुम्ही श्रीमंत झालात तर.
खुर्च्यांवरच्या नावाचंही विचारलं. म्हणाला, छे छे, नुसतं नाव मोबदल्यात धरत नाहीत. घालायचंत की.
फी घेतली नाही. दारापर्यंत सोडायला आला.

२० ऑगस्ट
विशेष काही नाही.

२ सप्टेंबर
अध्यक्षांना म्हटलं, नावाला आता माझी हरकत नाही. ते हळहळले. इतिवृत्तात तुमच्याच अक्षरात नकार आहे, म्हणाले. बदलायचा तर खास सभा, तिची नोटीस चिटणीसाने काढायची. काढतो म्हटलं. तेव्हा म्हणाले, पण खुर्च्या छापून तयार झाल्या हो. पाठीवर दुकानदाराने स्वतःचं नाव टाकलंय. त्याबद्दल आपल्याला किमतीत घसघशीत सवलत दिली.
नोटीस काढली नाही.

१५ सप्टेंबर
शाळा उघडली. मोठ्या बाईंची ईमेल. तिसऱ्या वर्गाची मुलं व्हरांड्यात बसतात. तिथे दिवा नाही, म्हणून तास संपला की एक मुलगी लाल फडकं हलवत पळत येते. त्या कामासाठी मुलींची भांडणं होतात. पैशांबद्दल अक्षर नाही. शेवटी विचारलंय, आपण कसे आहात, एकटे असता का.
उत्तर लिहायला बसलो. उपरोक्त संदर्भाच्या पुढे गेलं नाही.

१६ सप्टेंबर
बँकेत गेलो. पेन्शनमधून जमेल तेवढी रक्कम लिहिली. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, काका, एवढ्याशा रकमेला पाठवणावळ केवढी लागेल बघा. चार-सहा महिने साठवा आणि मग एकदम पाठवा, परवडेल. बोलणं रास्त होतं. आजच पाठवा म्हटलं. कारणाच्या रकान्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. काय पर्याय आहेत ते त्यांनी वाचून दाखवले. एकही बसत नव्हता. त्यांनीच काहीतरी लिहिलं.
एका दिव्याचे होतील. छपराचे नाहीत.
मेहुण्याला सांगितलं. मला वाटलं काहीतरी टोमणा मारेल. तो म्हणाला, भाऊजी, वर्गाची फरशी माझ्याकडून. आणि मग, पत्र तेवढं तुम्ही लिहू नका.

४ ऑक्टोबर, रविवार
खुर्च्या आल्या म्हणून मंडळाने व्याख्यान ठेवलं. विषय, ज्येष्ठांसाठी करसवलती. वक्ते, करसल्लागार. वक्त्यांचा परिचय चिटणीसाने करून द्यायचा असतो. करून दिला. तो चांगला बोलला. परदेशी देणग्यांचा विषय आला तेव्हा माझ्याकडे न बघता पुढे गेला. हॉल भरला होता. खुर्च्या आरामाच्या आहेत असं सगळे म्हणत होते. चष्मेवाला मुद्दाम येऊन पाठ दाखवून गेला. बघा काका, ताठ! अध्यक्षांनी देणगीदाराचे आभार मानले. नाव न घेता, कारण इतिवृत्त.
आठला सगळे गेले. खुर्च्या आवरणं चिटणीसाकडे. मिटून भिंतीशी लावत गेलो. एक मिटेना. उलटी केली, दाबून पाहिली. बिजागरी धरली होती. कुबड्यांच्या कपाटातून तेलाची बुधली आणली, दोन्ही बाजूंना सोडलं, जरा थांबलो, पुन्हा उघडमीट केली. मिटली. ओघळ फडक्याने पुसला आणि ती इतरांच्या ओळीत उभी केली.